काट्यावरचा आकडा आणि कार्डावरची रेघ

बाळाच्या कमरेचा करदोटा सैल करायची वेळ आली की घरातली आजी खूश होते. ‘बाळसं धरलंय हं,’ म्हणत ती गाठ सोडते आणि दोन बोटं पुढे सरकवून पुन्हा बांधते. पायातले वाळे रुतायला लागले, मनगट्या घट्ट झाल्या, बारशाचं झबलं दोन महिन्यांत आखूड झालं, या सगळ्या वाढीच्या नोंदीच आहेत. कागदावर उतरलेल्या नाहीत, एवढंच. मूल वाढतंय का यावर नजर ठेवणं आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही.

तरीही अंगणवाडीत किंवा दवाखान्यात वजन करून बाळ घरी आलं की कितीतरी घरांत संवाद एवढाच होतो: ‘किती भरलं?’ ‘सात किलो.’ ‘बरं.’ सात किलो चांगलं की कमी, मागच्या महिन्यात किती होतं, पुढच्या महिन्यात किती व्हायला हवं, हे कुणी विचारत नाही. त्यात आईबापाचा दोष नाही. तो आकडा कसा वाचायचा हे त्यांना कुणी बसून सांगितलेलंच नसतं. ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

हिरव्यात आहे, पण वाढत नाही

समजा, सई नावाची एक मुलगी आहे. सहा महिने पूर्ण झाले तेव्हा तिचं वजन ७ किलो होतं. सात महिने पूर्ण झाले तेव्हा ७ किलो १०० ग्रॅम. आठ महिन्यांनाही तेवढंच. नऊ महिने झाले त्या दिवशी काटा पुन्हा ७ किलोवर आला.

माता व बाल संरक्षण कार्ड उघडा. मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर किलो, आणि मध्ये डावीकडून उजवीकडे चढत जाणारे रंगीत पट्टे. नऊ महिन्यांच्या मुलीसाठी हिरवा पट्टा साडेसहा किलोला संपतो, त्याखाली पिवळा सुरू होतो. म्हणजे ७ किलोची सई हिरव्यात आहे. अंगणवाडीच्या ताईंच्या फोनवर, नोंदींच्या ॲपमध्ये, नाव हिरवं दिसतं, आई निश्चिंत होते.

आता चारही ठिपके जोडा. रेघ जवळजवळ आडवी पडली आहे. साधारण मध्यावर वाढणारी मुलगी सहा ते नऊ महिन्यांत अंदाजे ९०० ग्रॅम कमावते. सईने तीन महिन्यांत काहीच कमावलेलं नाही. सहाव्या महिन्यात ती मधल्या रेषेच्या थोडीशीच खाली होती, नवव्यात ती हिरव्या पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात घसरली आहे. आणि ती अशीच ७ किलोवर अडून राहिली, तरी पिवळ्या पट्ट्याच्या काठावर पोचायला तिचा पहिला वाढदिवस उजाडेल, कारण वर्षाच्या मुलीसाठी ती सीमा बरोबर ७ किलोची आहे. सहा महिने वाढ खुंटलेली, आणि तोवर रंग हिरवाच!

सगळ्या विषयाचा गाभा मला या उदाहरणात दिसतो. रंग आज मूल कुठे उभं आहे ते सांगतो. रेघ ते कुठे निघालं आहे ते सांगते. एका ठिपक्याने रेघ होत नाही, दोन ठिपक्यांनी होते. म्हणून वजन दर महिन्याला करायचं असतं.

उलटंही खरं आहे. एखादं मूल जन्मापासून पिवळ्या-हिरव्याच्या सीमेजवळ आहे, पण त्याची रेघ पट्ट्याला समांतर ठामपणे चढते आहे. असं मूल मुळातच लहान चणीचं असू शकतं. निरोगी मुलांतही शंभरात दोन-तीन मुलं त्या सीमेखाली असतातच. त्याला डॉक्टरांना दाखवावं जरूर, पण घाबरून जायचं कारण नाही. घाबरायला हवं ते आडव्या रेघेला, आणि त्याहून जास्त खाली वळलेल्या रेघेला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. वाढीचा वेग वयाबरोबर मंदावतो, आणि ते नैसर्गिक आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. मग पहिले तीन महिने सुगीचे: मध्यावर वाढणारी मुलगी महिन्याला साडेआठशे ग्रॅमच्या आसपास घेते. तीन ते सहा महिन्यांत महिन्याला अर्धा किलो, सहा ते नऊमध्ये ३०० ग्रॅम, नऊ ते बारामध्ये २५० च्याही खाली, आणि दुसऱ्या वर्षी महिन्याला जेमतेम २०० ग्रॅम. ‘आधी कसं भराभर वाढायचं, आता वाढतच नाही’ असं वाटलं तर अंदाज बांधत बसू नका, तक्ता बघा. हे मंदावणं तक्त्याच्या रेषांमध्येच धरलेलं असतं, पट्टे वर जाताना सपाट होत जातात ते त्यामुळेच.

तीन मापं, तीन वेगळे प्रश्न

वयानुसार वजन, वयानुसार उंची आणि उंचीनुसार वजन, अशी तीन मापं आहेत. ती एकमेकांत मिसळली की बातम्यांमधले आकडे डोक्यावरून जातात.

वयानुसार उंची कमी असेल तर त्याला खुजेपणा म्हणतात. उंची एका महिन्यात कमी होत नाही. महिनोन्‌महिने पोषण अपुरं पडलं, वारंवार आजारपणं झाली, आईच गरोदरपणात अशक्त होती, तर त्याची खूण उंचीत उरते. उंचीनुसार वजन कमी असेल तर ते लुकडेपण. हे झपाट्याने येतं, एका मोठ्या जुलाबाने किंवा गोवराने येऊ शकतं, आणि जिवाला लगेचचा धोका याच्यात सर्वांत जास्त असतो. वयानुसार वजन या दोहोंची बेरीज सांगतं. ते मोजायला सोपं, म्हणून महिन्याच्या महिन्याला तेच पाहतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी, २५.६ टक्के लुकडी आणि ३६.१ टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. तीव्र लुकडेपण १०.९ टक्के होतं, देशाची सरासरी त्या वेळी ७.७ टक्के. आपलं राज्य श्रीमंत मानलं जातं. तरी चारातलं एक मूल उंचीच्या मानाने बारीक आहे, आणि त्यातली बरीच घरं असं समजून चालतात की आपलं लेकरू ‘अंगकाठीनंच’ तसं आहे.

या अंगकाठीबद्दल बोललंच पाहिजे. ‘याचा बाप असाच होता’, ‘आमच्यात सगळे बारीकच’ ही वाक्यं इतक्यांदा ऐकू येतात की ती खरी वाटायला लागतात. आज कार्डावर जे पट्टे छापलेले असतात ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली गेली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. निवडीच्या अटी साध्या होत्या: आईचं दूध, धूम्रपान न करणारी आई, वाढीच्या आड न येणारी घरची परिस्थिती. एवढं मिळालं तेव्हा दिल्लीचं मूल आणि ऑस्लोचं मूल पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखंच उंच झालं. उंचीतल्या एकूण फरकांपैकी देश वेगळा असण्यामुळे पडलेला फरक फक्त तीन टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाची उंची कमी राहिली तर दोष ‘आपल्या जातीच्या हाडापेराला’ देता येत नाही. बाप बारीक होता हे खरं असेल, पण त्याच्याही लहानपणी ताटात काय होतं, हा प्रश्न उरतोच.

माप चुकलं की सगळंच चुकलं

वजन करताना बाळाच्या अंगावर स्वेटर, टोपडं, ओला लंगोट असेल तर तीनशे-चारशे ग्रॅम सहज वाढतात. सईचं एका महिन्याचं नुकसान तेवढ्याने झाकलं जाईल! म्हणून कपडे उतरवून किंवा अगदी पातळ झबल्यावर वजन करायचं. काटा आधी शून्यावर आहे का हे आईने स्वतः बघावं. बघायला ताई नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणाल्या तरी बघावं. शक्यतो दर वेळी तोच काटा असावा. झोळीचा लटकता काटा असेल तर बाळ पाय झाडत असताना वाचलेला आकडा खरा मानू नये, थोडं थांबावं.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजतात, त्यापुढच्याची उंची उभं करून. तेच मूल झोपवून मोजलं तर साधारण ०.७ सेंटिमीटर जास्त भरतं, म्हणून पद्धत मध्येच बदलली तर हिशोब चुकतो. लांबी मोजायला दोन माणसं लागतात. एकजण डोकं धरतो, दुसरा गुडघे सरळ करून टाचा टेकवतो. बाळ रडतं, आईचा जीव कासावीस होतो, आणि ‘राहू द्या, मागच्या वेळचंच लिहा’ असं तोंडातून निघून जातं. तसं म्हणू नका. त्याऐवजी डोकं तुम्ही धरा आणि बाळाशी बोलत राहा, आईचा चेहरा दिसत असला की ते लवकर शांत होतं.

मग लोक येत का नाहीत?

कारणं घराघरांत निरनिराळी असतात, आणि ती ऐकून न घेता ‘जागृती नाही’ असा शिक्का मारणं मला अन्यायाचं वाटतं.

पहिलं कारण नजरेचं. सोन्यासारखं लेकरू तराजूत घालायचं, चारचौघींत त्याचा आकडा मोठ्याने बोलायचा, याला कितीतरी आज्यांचा जीव धजत नाही. ही भीती प्रेमातून आलेली आहे, तिची टिंगल करून ती जाणार नाही. एका कोपऱ्यात, बाकीच्या बायकांपासून थोडं दूर वजन करावं, आकडा मोठ्याने न पुकारता आईला कार्डावर दाखवावा, हवं तर आजीने आधी तीट लावावी. एवढं केलं तरी निम्मा विरोध मावळतो. मुळात आकडा पुकारणं चुकीचंच आहे. ‘हिचं बघा कमी भरलं’ असं सगळ्यांसमोर ऐकलेली सून पुढच्या महिन्यात येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण वेळेचं. अंगणवाडी सकाळी भरते, आणि त्याच वेळी बाई शेतात खुरपायला, बांधकामावर किंवा दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करायला गेलेली असते. बाळाला आजी सांभाळते, किंवा आठ-दहा वर्षांची बहीण. वजनाला मूल आलंच तर आजीसोबत येतं, आणि ताईंचा सल्ला आईपर्यंत पोचेस्तोवर ‘सगळं बरंय’ एवढाच उरतो. म्हणून मला वाटतं, सल्ला नेहमी ‘आईला’ द्यायचा हा आग्रह सोडायला हवा. बाळाला जो भरवतो त्याला तो मिळायला हवा. आजीला, आजोबाला, बापाला. बाप तर या चित्रात कुठेच नसतो. कार्डावर बोट ठेवून एकदा त्याला रेघ दाखवा. शेतातल्या पिकाची वाढ खुंटली तर जो माणूस रातोरात खत आणि पाण्याची सोय करतो, त्याला आडव्या रेघेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तिसरं कारण शहरातलं आणि ऐपतदार घरांतलं: ‘अंगणवाडी आपल्यासाठी नसते.’ अशा घरांतली मुलं खाजगी डॉक्टरांकडे जातात, तिथे वजनही होतं, पण फाइलमध्ये तारखेपुढे नुसता आकडा लिहिला जातो. बिंदू मांडून रेघ ओढलेली नसेल तर डॉक्टरांना सरळ सांगा, ‘तक्त्यावर दाखवा.’ तुमचा तो हक्क आहे. शिवाय या घरांतली रेघ कधीकधी उलट दिशेने बिघडते, वजन उंचीला सोडून वर पळतं. तेही तक्त्यावरच आधी दिसतं, आरशात उशिरा.

चौथं कारण मला सर्वांत मोठं वाटतं, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ते आहे लसींचं वेळापत्रक. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना लसी असतात, मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची. बाळ सुईसाठी जातं आणि त्या निमित्ताने वजन होतं. नऊ महिन्यांची लस झाली की घराला वाटतं, झालं सगळं. पुढची लस सोळाव्या महिन्यानंतर. या मधल्या सात-आठ महिन्यांत बाळाला घेऊन कुठे जायचं काही ‘काम’च नसतं. आणि वाढ सर्वाधिक घसरते ती याच पट्ट्यात, सहा महिने ते दोन वर्षं. नुसतं आईचं दूध पुरेनासं होतं, वरचं अन्न अपुरं पडतं, मूल रांगायला लागतं, मातीतलं सगळं तोंडात जातं, जुलाब होतात. नेमकं तेव्हाच त्याच्याकडे बघणारा काटा बंद असतो.

ही फट भरायला आशाताईंच्या गृहभेटी आहेत. लहान बालकांच्या घरभेटीच्या कार्यक्रमात त्या तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांना घरी यायला हव्यात. बारा आणि पंधराची भेट चुकली तर त्यांना फोन करून बोलवा. आणि घरात एक सोपी खूणगाठ बांधा: बाळाच्या जन्माची जी तारीख, ती दर महिन्याला वजनाची तारीख. सहा-सात तारखेला जन्मलं असेल तर दर महिन्याच्या त्या आठवड्यात अंगणवाडीत एक चक्कर. सुई असो वा नसो.

काटा कुणाला जेवू घालत नाही

१९५०च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड मॉर्ली नावाचा इंग्रज डॉक्टर नायजेरियातल्या इमेसी या खेड्यात मुलांवर उपचार करत होता. मुलं दवाखान्यात येत तोवर उशीर झालेला असायचा. त्याने एक साधा आलेख तयार केला आणि तो दवाखान्याच्या कपाटात न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात दिला. आज जगभरात मुलांची जी वाढीची कार्डं दिसतात त्यांचं मूळ तिथे आहे. कार्ड आईचं, ही त्या कल्पनेची जान होती. आपल्याकडे पुढे काय झालं? नोंदी रजिस्टरात गेल्या, २०२१ पासून पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये. ॲप चांगलं आहे, हिशोबाच्या चुका त्याने टळतात, रंग आपोआप निघतो. पण फोन ताईंचा. आईच्या कार्डावर मात्र पहिले दोन-तीन ठिपके असतात आणि पुढे तक्ता कोरा, असं मी फार ठिकाणी पाहिलं आहे. ताईंवरचं कामाचं ओझं मी जाणते, तरीही म्हणते, फोनमध्ये भरलेला आकडा कार्डावरही उतरलाच पाहिजे. ताईंना वेळ नसेल तर बारावी झालेली मावशी, शाळेतला भाऊ, कुणीही तो ठिपका मांडू शकतो.

आणि ठिपका मांडून झाल्यावर काय? दक्षिण भारतातल्या खेड्यांत झालेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही गावांत आरोग्यसेवा आणि आहाराचं शिक्षण यांच्या जोडीला दरमहा वजन व तक्ता होता, काही गावांत तक्त्याशिवाय बाकी सगळं तेच. मुलांच्या वाढीत फारसा फरक पडला नाही. यावरून कुणी म्हणेल, वजन करणंच व्यर्थ. मला त्यातून वेगळं दिसतं: मुलाला जगवतं ते त्याच्यापर्यंत पोचलेलं अन्न, औषध आणि शब्द. कुणाला ते तातडीने हवं आहे एवढंच काटा दाखवतो. तमिळनाडूने १९८० मध्ये सुरू केलेल्या पोषण प्रकल्पात ही गोष्ट कामाच्या पद्धतीतच गुंफली होती. सहा महिने ते तीन वर्षं वयाच्या मुलांचं दरमहा वजन व्हायचं, ज्याची वाढ थांबली त्याला लगेच काही काळ जादा आहार आणि आईला सल्ला, आणि रेघ पुन्हा चढली की आहार बंद. रंग लाल होईपर्यंत वाट बघणं त्यात नव्हतं.

म्हणून वजन झाल्यावर उठून जाऊ नका. तीन प्रश्न विचारा: मागच्या महिन्यापेक्षा किती वाढलं? तेवढं पुरेसं आहे का? नसेल तर या महिन्यात मी नेमकं काय वेगळं करू? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘पौष्टिक द्या’ असं मिळालं तर पुन्हा विचारा, कारण ते उत्तरच नाही.

सईच्या घरी खरं काय चाललं असेल? सहा महिन्यांपर्यंत नुसतं आईचं दूध, छान. मग वरचं सुरू केलं ते वरणाच्या पाण्याने आणि भाताच्या पेजेने. वरणाचं पाणी हे आपल्या प्रेमळ घरांतलं सगळ्यात मोठं फसवं अन्न आहे. डाळ खाली राहते, बाळाला मिळतं पिवळं कोमट पाणी. त्याचं वाटीएवढं पोट भरतं आणि अंगाला काहीच लागत नाही. त्याऐवजी डाळीसकट वरण, मऊ भात कुस्करून, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट, वर चमचाभर तूप किंवा घाण्याचं तेल. नाचणीची खीर दुधातली, शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट घालून. उकडलेलं अंडं, खात असतील तर मऊ मासा काटे काढून. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, नवव्यापासून तीन-चारदा, मध्ये केळं किंवा असंच काही, आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. चहात बुडवलेलं बिस्किट आणि पाच रुपयांचा खारा पुडा बाळाची भूक मारतात, त्यांनी रेघ चढत नाही.

जुलाब झाले तर खाणं बंद करायचं नाही. ओआरएसच्या पुडीचं पाणी, झिंकच्या गोळ्या १४ दिवस, दूध आणि मऊ अन्न चालू, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. आजारात बुडालेलं वजन या दोन आठवड्यांत भरून निघालं नाही तर ते पुढच्या आजारापर्यंत तसंच राहतं.

दंडाची पट्टी

काटा नसेल तरी एक माप घरात घेता येतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मधला घेर. या काळात निरोगी मुलाचा दंडघेर फार थोडा बदलतो, म्हणून एकच सीमा सगळ्यांना चालते. साडेबारा सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर ठीक. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम कुपोषण, ताईंना आणि आशाला लगेच सांगा. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी दवाखाना. रंगीत पट्टी आशाताईंकडे मिळते. मनगट्या दंडाकडे सरकायला लागल्या म्हणून काळजीत पडणारी आजी हेच माप घेत होती, फक्त तिच्याकडे सेंटिमीटर नव्हते.

आणखी एक खूण, जी वजनाला फसवते: दोन्ही पायांवर सूज. अंगठ्याने तीन सेकंद दाबलं आणि खड्डा तसाच राहिला, तर मूल गुटगुटीत दिसत असलं, काटा चांगला आकडा दाखवत असला, तरी ते पाण्याचं वजन आहे. थेट दवाखान्यात न्या.

तीव्र कुपोषित मुलाला भूक असेल आणि दुसरा आजार नसेल तर गावातच, ग्राम बाल विकास केंद्रात किंवा घरी देखरेखीखाली उपचार होऊ शकतात. भूक मेली असेल, ताप, सूज, न्यूमोनिया असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण दोन आठवडे राहावं लागतं, आईसोबत. इथे पुष्कळ घरं अडतात. घरी दुसरं मूल आहे, जनावरं आहेत, रोज बुडतो. आईच्या जेवणाची आणि बुडीत मजुरीची तरतूद या केंद्रांत आहे, दाखल होतानाच ती मागा. आणि दाखल करताना गावातल्या दुसऱ्या बाईने घरचं मूल सांभाळायची जबाबदारी उचलली तर ते कोणत्याही सल्ल्यापेक्षा मोठं काम असतं.

कार्ड पिशवीत ठेवा

अंगणवाडीत वजन आणि आहार मिळण्यासाठी दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलापर्यंत ही सेवा पोचवायला सांगितलं आहे, आणि सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आहार २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हक्क झाला आहे.

हा हक्क सगळ्यांत जास्त निसटतो तो वाटेवर. बीडहून, मराठवाड्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. वीटभट्टीवरच्या कुटुंबांचंही असंच. सातव्या महिन्यात गाव सोडलेलं बाळ परत येतं तेव्हा वर्षाचं झालेलं असतं, आणि मधले सगळे ठिपके गळालेले असतात. निघण्याआधी अंगणवाडीच्या ताईंना सांगून जायला हवं, कारण पोषण ट्रॅकरवरचं मुलाचं नाव दुसऱ्या गावच्या अंगणवाडीकडे पाठवता येतं. ते झालं नसेल तरी चालेल. फडाजवळच्या गावात अंगणवाडी कुठे आहे ते विचारायचं आणि कार्ड घेऊन जायचं. ‘तुम्ही इथले नाही’ हे कारण तिथे चालत नाही. कोयता, भांडीकुंडी आणि अंथरूण बांधताना ते गुलाबी किंवा निळ्या तक्त्याचं कार्ड आधारकार्डाच्या पिशवीतच ठेवावं, म्हणजे पाचटाच्या कोपीत कुठे शोधावं लागत नाही. पेन्सिल जोडीला असली तर आणखी बरं, तिथल्या ताईंनी वजन सांगितलं की पुढचा ठिपका आईलाच मांडता येतो.